रात्री हात बधीर होतोय? मनगटाची सोनोग्राफी दबलेली नस अशी पकडते

रात्रीचे अडीच वाजलेत. तुम्ही पांघरुणात रील्स बघत जागे आहात आणि शेजारच्या खोलीत आई उठून बसलीय. जुना पाऱ्याचा थर्मामीटर झटकावा तसा ती उजवा हात जोरजोरात झटकतेय. विचारलं तर म्हणते, "काही नाही रे, हाताला मुंग्या आल्यात. होईल बरं." दोन मिनिटांत हात जागेवर येतो, ती झोपते आणि सकाळी ही गोष्ट कोणाच्याच लक्षात राहत नाही.

हे दृश्य ओळखीचं वाटत असेल तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. रात्री उठून हात झटकावा लागणं ही मनगटात नस दबल्याची अगदी ठरलेली खूण आहे. या आजाराला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. वेळेत कळला तर बहुतेकदा सहज आटोक्यात येतो. वर्षानुवर्षं अंगावर काढला तर अंगठ्याच्या बुडाचे स्नायू सुकायला लागतात, आणि एकदा ते नीट सुकले की ऑपरेशन करूनही पूर्वीसारखे भरून येतीलच असं नाही.

आणि ही दबलेली नस आता चक्क डोळ्यांनी बघता येते. सुई नाही, शॉक नाही, एक्स-रेचे किरणही नाहीत. फक्त आवाज. होय, सोनोग्राफी. पोटाची करतात तीच, पण मनगटाची. ती कशी चालते, स्क्रीनवर काय दिसतं आणि ती कुठे गंडते, हे आज समजून घेऊ.

"नस दबलीय" म्हणजे नक्की कोणती नस?

मराठीत आपण एकाच शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. हातावर निळी दिसते ती नस, म्हणजे रक्तवाहिनी. मूठ वळल्यावर मनगटावर दोरीसारखी ताठ होते तीही नस, पण ती खरं तर स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, म्हणजे टेंडन. आणि मेंदूकडून बोटांपर्यंत संदेश नेणारी वायर, तीही नसच. इंग्रजीत तिला नर्व्ह म्हणतात. आपला विषय ही तिसरी.

मनगटातून बोटांकडे जाणारी मुख्य नर्व्ह म्हणजे मीडियन नर्व्ह. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू, एवढ्या भागाची संवेदना ती सांभाळते. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा आहे, त्यातल्या बहुतेक स्नायूंनाही तीच हलवते. करंगळी मात्र तिच्या हद्दीत येत नाही. करंगळीची नर्व्ह वेगळी, तिचा रस्ताही वेगळा.

म्हणून डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात: "करंगळीला मुंग्या येतात का?" करंगळी ठणठणीत आणि बाकीची बोटं बधीर असतील तर संशय मनगटाकडे जातो.

मनगटातला बोगदा

इलेक्ट्रिशियन भिंतीतून वायरी नेताना आधी पाइप टाकतो आणि सगळ्या वायरी त्यातून ओढतो. मनगटातही असाच एक पाइप आहे. खाली आणि बाजूंना मनगटाची छोटी हाडं, आणि वर एक जाड, चिवट पट्टा, म्हणजे लिगामेंट. या पाइपातून दहा गोष्टी जातात: बोटं वाकवणारे नऊ टेंडन आणि दहावी आपली मीडियन नर्व्ह. टेंडन कडक असतात, नर्व्ह मऊ. पाइप ताणला जात नाही. आत थोडी जरी सूज आली, तरी दाब सगळ्यात आधी त्या मऊ वायरवर येतो.

हा दाब मोजून बघितलेला आहे. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात बोगद्यात बारीक नळी घालून दाब मोजला होता. निरोगी माणसांत मनगट सरळ असताना तो सरासरी २.५ मिलिमीटर पारा इतका होता. आजार असलेल्यांत ३२. आणि त्यांनी मनगट आत वाकवलं की तोच दाब ९४ पर्यंत जात होता.

आता रात्रीचं कोडं सुटलं ना? झोपेत आपण मनगट दुमडून, गालाखाली किंवा उशीखाली घेऊन झोपतो. दाब वाढतो, नर्व्हचा रक्तपुरवठा मंदावतो, बोटं बधीर होतात आणि जाग येते. हात झटकला, मनगट सरळ झालं, की दाब उतरतो.

आवाजाने चित्र कसं बनतं?

आपल्या कानाला सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपनांचा आवाज ऐकू येतो. त्याच्या वरचा तो अल्ट्रासाउंड. मनगटाच्या सोनोग्राफीत वापरतात तो आवाज सेकंदाला साधारण १ कोटी २० लाख ते १ कोटी ८० लाख कंपनांचा, म्हणजे १२ ते १८ मेगाहर्ट्झचा असतो. नव्या प्रोबमध्ये त्याहूनही जास्त.

हा आवाज तयार करतात प्रोबमधले खास स्फटिक. त्यांना वीज दिली की ते थरथरतात, आणि उलट त्यांच्यावर आवाज आदळला की ते वीज तयार करतात. म्हणजे स्पीकरही तेच आणि माइकही तेच. हा गुण पियर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० साली शोधला होता.

प्रोब आवाजाचा एक छोटासा ठोका सोडतो आणि गप्प बसून प्रतिध्वनी ऐकतो. शरीराच्या मऊ भागात आवाज सेकंदाला साधारण १५४० मीटर धावतो. एक सेंटिमीटर खोलवरून परत यायला त्याला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांपैकी जेमतेम तेरा भाग लागतात. प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून खोली कळते आणि किती जोरात आला यावरून तो ठिपका पांढरा, करडा की काळा दाखवायचा हे ठरतं. असे हजारो ठिपके सेकंदाला कित्येक वेळा काढले की झालं लाइव्ह चित्र.

हे वाचून काही आठवलं? स्क्रीनखाली अल्ट्रासोनिक फिंगरप्रिंट सेन्सर असलेला फोन तुमच्याकडे असेल, तर हेच तंत्र तुम्ही दिवसातून शंभर वेळा वापरता. सॅमसंगने २०१९ च्या गॅलॅक्सी एस१० मध्ये तो दिला होता. तो सेन्सर बोटाच्या रेषांवरून परतणारा आवाज वाचतो. सोनोग्राफी तेच करते, फक्त कातडीच्या आत डोकावून.

मग पोटाचाच प्रोब मनगटावर ठेवला तर चालेल का? फारसं नाही. दोन गल्ल्या पलीकडे डीजे लागला की आपल्या घरात फक्त बासचा धमधमाट येतो, गाण्याचे शब्द येत नाहीत. जाड आवाज लांब जातो, बारीक आवाज वाटेतच विरतो. पोटात १०-१५ सेंटिमीटर खोल बघायचं असतं, म्हणून तिथे २ ते ५ मेगाहर्ट्झचा जाड आवाज लागतो. तो खोल जातो, पण त्याला बारकावे दिसत नाहीत. मीडियन नर्व्ह मनगटाच्या कातडीपासून अगदी जवळ असते. तिथे खोलीची गरज नाही, बारकावे हवेत. १५ मेगाहर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळपास ०.१ मिलिमीटर लांब असते, म्हणजे साधारण वहीच्या एका कागदाच्या जाडीइतकी. म्हणून नर्व्हच्या आतले धागेसुद्धा दिसतात.

तपासणीला गेल्यावर काय होतं?

सोनोग्राफी म्हटलं की घरातली मोठी माणसं विचारतात, "उपाशी जायचं का? पाणी पिऊन लघवी रोखून धरायची का?" मनगटासाठी यातलं काहीही नाही. पोटभर जेवून जा. घड्याळ, कडं, हातातले दोरे आणि बांगड्या काढाव्या किंवा वर सरकवाव्या लागतील, एवढंच.

तुम्ही खुर्चीत बसता, हात टेबलावर, तळवा वर. मनगटावर गार जेल लावतात. ते कशाला? आवाज हवेतून कातडीत शिरायला गेला की जवळपास सगळाच मागे फिरतो. प्रोब आणि कातडी यांच्यामधली हवेची फट भरून काढायला जेल लागतं.

मग डॉक्टर चपटा, सरळ तोंडाचा प्रोब मनगटाच्या घडीवर आडवा ठेवतात. करंगळीच्या बाजूला मनगटाशी वाटाण्यासारखं एक हाड लागतं. पिसिफॉर्म त्याचं नाव. बोटाने चाचपलंत तर तुमचंही सापडेल. हा त्यांचा मैलाचा दगड. बोगद्याचं तोंड इथेच आहे, आणि नर्व्हची जाडी मोजायची सगळ्यात महत्त्वाची जागाही हीच.

प्रोब हलक्या हाताने धरावा लागतो. जास्त दाबला तर नर्व्ह चपटी दिसते. तिरका धरला तर काकडी तिरकी कापल्यासारखा काप मोठा दिसतो आणि नर्व्ह आहे त्यापेक्षा जाड मोजली जाते. म्हणून मशीन कितीही भारी असलं, तरी धरणारा हात सराईत लागतो.

स्क्रीनवर नर्व्ह ओळखायची कशी?

आडव्या कापात निरोगी नर्व्ह मधमाशीच्या पोळ्यासारखी दिसते. काळे काळे ठिपके आणि त्यांच्याभोवती पांढरी जाळी. काळे ठिपके म्हणजे धाग्यांचे जुडगे, पांढरी जाळी म्हणजे त्यांचं वेष्टण. शेजारचे टेंडन जास्त पांढरे आणि रेषारेषांचे दिसतात.

दोन्ही सारखेच वाटले तर डॉक्टरांकडे दोन सोप्या युक्त्या असतात. पहिली, प्रोब किंचित कलवायचा. टेंडन लगेच काळे पडतात, नर्व्ह फारशी बदलत नाही. दुसरी, तुम्हाला बोटं हलवायला सांगायची. टेंडन सपासप मागेपुढे सरकतात, नर्व्ह त्यामानाने आळशी. एमआरआयमध्ये ही गंमत नाही. तिथे हलायचंच नसतं. इथे बोटं हलवत असताना आत काय चाललंय ते लाइव्ह दिसतं.

आता दबलेली नर्व्ह. बागेत पाणी घालताना नळीवर पाय पडला तर काय होतं? पायाखाली नळी चपटी होते आणि पायाच्या मागे पाण्याने फुगते. नर्व्हचं नेमकं तसंच होतं. बोगद्याच्या आत चपटी आणि बोगद्यात शिरण्याआधी सुजलेली. नर्व्हच्या आतला द्रवाचा प्रवाह आणि तिच्यातलं रक्त अडून राहिल्यामुळे ही सूज येते. सुजलेली नर्व्ह जास्त काळी दिसते आणि ती पोळ्याची नक्षी पुसट होते. डॉप्लर सुरू केला तर काही जणांत नर्व्हच्या आत रक्ताचे रंगीत ठिपकेही चमकतात. निरोगी नर्व्हमध्ये ते सहसा दिसत नाहीत.

ऑस्ट्रियातल्या बुखबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली सोनोग्राफीवर ही चिन्हं पहिल्यांदा नीट मांडली. तेव्हाच्या मशीनवर जे दिसायला कष्ट पडायचे, ते आज चांगल्या प्रोबवर स्पष्ट दिसतं.

१० चा आकडा, आणि त्याची गडबड

रिपोर्टमध्ये सगळ्यात महत्त्वाची ओळ असते नर्व्हच्या कापाच्या क्षेत्रफळाची. डॉक्टर स्क्रीनवर नर्व्हच्या कडेने आतून रेघ फिरवतात आणि मशीन क्षेत्रफळ सांगतं. साधारणपणे १० चौरस मिलिमीटरच्या आसपास सीमारेषा धरतात. त्यापेक्षा बरंच जास्त आलं तर नर्व्ह सुजली असावी.

१० चौरस मिलिमीटर म्हणजे केवढं? तुमच्या फोनमधलं नॅनो सिम साधारण १०८ चौरस मिलिमीटरचं असतं. त्याचे अकरा तुकडे केले तर एक तुकडा. एवढ्याशा जागेत निकाल लागतो!

पण इथे एक गोची आहे. सीमारेषा सगळीकडे सारखी नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत ती ९ पासून १२-१३ पर्यंत धरलेली दिसते. माणसाची उंची, वजन, हाताचा आकार यांनुसार नर्व्ह मुळातच जाड-बारीक असते. कबड्डी खेळणाऱ्या धिप्पाड मुलाची निरोगी नर्व्ह ११ ची असू शकते आणि बारीक चणीच्या बाईची सुजलेली नर्व्हही ११ चीच.

म्हणून तुलना करतात ती त्याच माणसाच्या, त्याच नर्व्हशी. मनगटाच्या घडीपासून साधारण १२ सेंटिमीटर वर, हाताच्या मधल्या भागात, जिथे बोगदा नाही आणि दाबही नाही, तिथे पुन्हा मोजायचं आणि भागाकार करायचा. समजा त्या धिप्पाड मुलाची नर्व्ह मनगटात ११ आणि वर १० भरली. भागाकार १.१. म्हणजे तो मुळातच जाड नर्व्हचा, आजार नाही. त्या बाईची मनगटात ११ आणि वर ६ भरली. भागाकार १.८ च्या वर. म्हणजे नर्व्ह बोगद्यापाशीच सुजलीय. २००८ साली अमेरिकेतल्या एका गटाने ही पद्धत मांडली आणि १.४ ही सीमा सुचवली.

तुमच्या रिपोर्टमध्ये एकच आकडा असेल आणि तो काठावरचा असेल, तर "हाताच्या वरच्या भागाशी तुलना केली का?" हा प्रश्न विचारायला अजिबात लाजू नका.

एनसीव्ही टेस्ट असताना ही कशाला?

या आजारासाठी जुनी आणि मानाची टेस्ट म्हणजे एनसीव्ही. बोटांना आणि मनगटाला छोटे शॉक देऊन नर्व्हमधून सिग्नल किती वेगाने जातो ते मोजतात. धोका काही नसतो, पण शॉक सुखद नक्कीच नसतात. गरज पडली तर स्नायूत सुईही घालावी लागते.

फरक असा समजा. घरचं वायफाय स्लो झालंय. तुम्ही स्पीड टेस्ट लावली, वेग कमी आला. ही झाली एनसीव्ही. पण केबल कुठे चेपली, दारात की कपाटाखाली, आणि कशामुळे, ते स्पीड टेस्ट सांगत नाही. त्यासाठी केबल डोळ्यांनी बघावी लागते. ती झाली सोनोग्राफी.

या बघण्यात कधी कधी कारणच हाती लागतं. बोगद्यात पाण्याची गाठ असते. कधी टेंडनभोवती संधिवाताची सूज. कधी नर्व्ह जन्मतःच दोन फाट्यांची असते, किंवा शेजारी एक जादा रक्तवाहिनी असते. सर्जनला हे आधी माहीत असणं फार मोलाचं. शिवाय मनगटात स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं असेल तर सुई स्क्रीनवर बघत नर्व्हपासून लांब ठेवता येते.

अमेरिकेतल्या नर्व्ह आणि स्नायूंच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१२ साली उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं की मनगटात मोजलेली मीडियन नर्व्हची जाडी हे या आजाराच्या निदानासाठी अचूक साधन आहे. आणि विजेच्या टेस्टला सोनोग्राफीची जोड देऊन बोगद्यातले असे दोष शोधावेत, असंही सुचवलं. म्हणजे भांडण नाही, जोडी आहे.

सोनोग्राफी कुठे चुकते?

आता दुसरी बाजू. २०११ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या हिशोबात सोनोग्राफीने आजार असलेल्या १०० मनगटांपैकी साधारण ७८ पकडली, आणि आजार नसलेल्या १०० पैकी ८७ ना बरोबर "नाही" म्हटलं. चांगलं आहे, पण शंभर टक्के नाही. सुरुवातीच्या आजारात नर्व्ह सुजलेलीच नसते, म्हणून रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. मधुमेहामुळेही नर्व्ह जाड होतात. ऑपरेशननंतर त्रास गेला तरी नर्व्ह बरेच दिवस जाडच दिसू शकते.

आणखी एक घोळ मानेचा. मानेतून निघणारी नस दबली तरी अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येतात. वय वाढलं की मानेच्या एमआरआयमध्ये झीज बहुतेकांना दिसते, त्रास असो वा नसो. त्यामुळे मनगटाचा पेशंट वर्षभर मानेला पट्टा लावून फिरतोय, असं घडू शकतं. उलटही होऊ शकतं. म्हणून आधी लक्षणं आणि हाताची तपासणी, मग टेस्ट. मशीन डॉक्टरला मदत करतं, डॉक्टरची जागा घेत नाही.

फोनला जोडायचा प्रोब, एआय आणि आपला कायदा

टेकची मंडळी आता विचारतील, फोनला जोडता येणारे प्रोब आलेत ना? आलेत. बटरफ्लाय आयक्यू नावाच्या प्रोबला अमेरिकेत २०१७ साली मंजुरी मिळाली. त्यात स्फटिकांऐवजी सिलिकॉन चिपवर हजारो सूक्ष्म पडदे बसवलेत आणि चित्र थेट फोनवर दिसतं.

एआयही पोचलंय. नर्व्हच्या कडेने रेघ फिरवण्याचं काम संगणकाला शिकवायचे प्रयत्न बरीच वर्षं चालू आहेत. २०१६ साली कॅगल या साइटवर मानेतल्या नसांची सोनोग्राफीची चित्रं देऊन जगभरच्या कोडरना "यात नस कुठेय ते ओळखा" अशी स्पर्धाच लावली होती. माणसाने मोजलं तर दोन डॉक्टरांच्या आकड्यांत एखाद्या चौरस मिलिमीटरचा फरक पडतो. काठावरच्या केसमध्ये तेवढ्याने निकाल फिरू शकतो. तिथे सॉफ्टवेअर कामाला येईल.

पण असा प्रोब ऑनलाइन मागवून घरच्या घरी बघू, हा विचार डोक्यातून काढा. भारतात सोनोग्राफी मशीन विकत घ्यायला आणि वापरायला सरकारी नोंदणी लागते, मग ते मशीन खिशात मावणारं का असेना. कारण तेच, प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर लिहिलेलं: गर्भलिंग निदान हा गुन्हा आहे. मुली जन्माआधीच मारल्या जात होत्या म्हणून हा कायदा आला. १९८८ साली असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, आणि १९९४ साली देशभराचा कायदा झाला. मनगट बघणाऱ्या हाडांच्या डॉक्टरलाही या नियमांतून जावं लागतं. त्यामुळे ही तपासणी प्रत्येक दवाखान्यात न मिळता बहुधा रेडिओलॉजिस्टकडे जाऊन करावी लागते. थोडी गैरसोय आहे, पण ती का आहे हे माहीत असलेलं बरं.

मग हे फोनमुळे होतं का?

सगळ्यांच्या मनातला प्रश्न. सरळ उत्तर: फोनमुळे कार्पल टनेल होतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. हाँगकाँगमध्ये विद्यार्थ्यांवर झालेल्या २०१७ च्या एका अभ्यासात खूप जास्त वेळ फोन-टॅब वापरणाऱ्यांची मीडियन नर्व्ह सोनोग्राफीत जाड आढळली होती. पण अभ्यास छोटा होता, आणि जाड नर्व्ह म्हणजे लगेच आजार नव्हे.

ज्यांचा संबंध पक्का आहे ती कारणं वेगळी आहेत: मधुमेह, थायरॉइड कमी असणं, गरोदरपण, वाढलेलं वजन, संधिवात, मनगटाचं जुनं फ्रॅक्चर, आणि हाताने जोर लावून तेच तेच काम करणं किंवा थरथरणारी यंत्रं धरणं. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार जास्त, आणि चाळिशी ते साठीत जास्त. म्हणजे घरात धोका कोणाला आहे? रात्रभर रील्स बघणाऱ्या तुम्हाला कमी, पहाटे उठून कणीक तिंबणाऱ्या आईला जास्त.

फोनवाल्यांचे त्रास सहसा दुसरे असतात. टाइप करून अंगठ्याच्या बाजूला मनगट दुखत असेल तर ती टेंडनची सूज असू शकते. कोपर दुमडून तासभर फोन कानाला लावल्यावर करंगळी बधीर होत असेल तर कोपरापाशी दुसरी नर्व्ह दबत असेल. तिथेही सोनोग्राफी उपयोगी पडते.

आज काय करता येईल?

फोन हातात आहेच, त्याचाच उपयोग करू.

• नोट्समध्ये दोन आठवडे लिहून ठेवा: कोणत्या रात्री जाग आली, कोणती बोटं बधीर, झटकून बरं वाटलं का. डॉक्टरसाठी ही माहिती सोन्यासारखी.

• दोन्ही तळवे शेजारी ठेवून फोटो काढा. एका अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट झालेला दिसला तर वाट बघू नका, लवकर दाखवा.

• दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवून, बोटं खाली करून मनगटं ६० सेकंद वाकवून धरा. फोनवर टायमर लावा. त्या ठरावीक बोटांना मुंग्या आल्या तर संशय वाढतो. याला फॅलेन टेस्ट म्हणतात. दुखलं तर लगेच थांबा.

• आजार सौम्य असेल तर रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट बांधून झोपणं हा सहसा पहिला उपाय असतो. सोबत साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. गरोदरपणातला त्रास बहुतेकदा बाळंतपणानंतर कमी होतो. त्रास वाढला तर इंजेक्शन, आणि त्यानेही भागलं नाही तर बोगद्याचं छप्पर, म्हणजे तो लिगामेंटचा पट्टा मोकळा करायचं छोटं ऑपरेशन. बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात.

• एक इशारा. अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर ती मनगटाची नस नाही, तो पक्षाघात असू शकतो. तिथे नोट्स लिहीत बसायचं नाही, ताबडतोब हॉस्पिटल.

आणि आज रात्री शेजारच्या खोलीत हात झटकल्याचा आवाज आला, तर फोन बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: "आई, करंगळीला पण मुंग्या येतात का गं?" ती थांबून, बोटं चाचपून "नाही रे, करंगळी बरी आहे" म्हणाली, तर सकाळी डॉक्टरची वेळ घ्या. "होईल बरं" हे उत्तर यावेळी चालवून घेऊ नका.